याकूबभाईंचं नाक

याकूबभाईंच्या गॅरेजात गाडी थांबली की ते आधी माणसाकडे बघत नसत. सलाम, तब्येत, पाऊसपाणी सगळं नंतर. खांद्यावरचा फडका हातात घेऊन ते सरळ बॉनेट उघडत, तेल मोजायची पट्टी ओढून बाहेर काढत आणि तिचं टोक नाकाशी नेऊन डोळे मिटत. जणू कुणी हातावर अत्तर लावून दिलंय. एवढं झालं की एक थेंब बोटांत चोळायचा, एक थेंब जुन्या कॅलेंडरच्या पानावर टाकायचा आणि मग निकाल द्यायचा. निकाल दोनच असत. "जा" किंवा "थांबा".

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. सावली गावाच्या रस्त्याला, टिनाच्या शेडखाली, साठीकडे झुकलेला एक काटकुळा माणूस लुंगी-बनियनवर आमच्या नव्याकोऱ्या गाडीचं तेल हुंगत होता. हे मेकॅनिक आहेत की हकीम, असं मी आमच्या चालकाला हळूच विचारलं. ते नेमकं याकूबभाईंनी ऐकलं. तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रक्त तपासतो, मलेरियाचं. "मंग हसून काऊन राह्यले? तुमी थेंब भिंगातून पाह्यता, मी वासानं पाह्यतो. काम एकच हाय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'रक्तवाले भाऊ' झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

आमची गाडी म्हणजे एका संस्थेचा फिरता दवाखाना. दर सोमवारी मी आणि चालक लालसूभाऊ चंद्रपुरातून निघायचो, सावली, गडचिरोली, चामोर्शी करत आलापल्ली गाठायचो. तिथे डॉक्टर मॅडम गाडीत बसायच्या आणि पुढचे तीन दिवस हेमलकशाच्या वाटेवरची आतली गावं. त्या भागात फोन लागत नाही. गाडी बंद पडली तर आपण अडकतोच, पण गाडीत झोपवलेला पेशंटही अडकतो. म्हणून सावलीला थांबून याकूबभाईंचं "जा" ऐकल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी मुळात भित्रा माणूस आहे. स्टुलावर बसून भिंगातून बघायचं काम मला जमतं. जंगलातल्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज जरा बदलला की मी सीटची कड घट्ट धरून बसतो.

लालसूभाऊ एटापल्लीकडचे, माडिया. रस्त्यातल्या पेनाच्या, म्हणजे त्यांच्या देवाच्या, ठाण्यापुढे हात जोडल्याशिवाय गाडी पुढे न्यायचे नाहीत. त्यांचा दुसरा नेम म्हणजे जंगलात इंजिन बंद करायचं नाही. पूर्वी कधीतरी एका जुन्या जीपमध्ये तापाने फणफणलेलं पोर घेऊन ते येत होते. नाल्याच्या काठाला पाण्याचा अंदाज घ्यायला थांबले, इंजिन बंद केलं आणि परत ते सुरू झालं नाही. पाणी चढत होतं आणि पोर मांडीवर आकडीने वाकडं व्हायला लागलं होतं. गावकऱ्यांनी खांद्यावरून पलीकडे नेलं म्हणून ते वाचलं. तेव्हापासून गावात शिबिर असलं की गाडी मोहाच्या झाडाखाली दिवसभर घुरघुरत उभी असे. तिकडचे बरेच चालक असंच करतात. मला तर तो आवाज ऐकू येत राहिला की धीर वाटायचा.

एकदा लालसूभाऊंनी मोठ्या कौतुकाने याकूबभाईंना सांगितलं, की आमची गाडी तेल पीतच नाही, उलट पट्टीवर तेल वर चढतंय. मीही मान डोलावली. बाकीच्यांच्या गाड्यांचं तेल कमी होतं, आमचं वाढतं, म्हणजे आमची गाडी गुणी. याकूबभाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पट्टी काढली, हुंगली आणि आम्हा दोघांकडे असं बघितलं, जणू आम्ही काहीतरी पाप करून आलोय.

"तेल कधी वाढत नाई, लालसूभाऊ. वाढलं ते डिझेल हाय."

मग त्यांनी आमची शाळा घेतली. नुसतं घुरघुरत उभं असलेलं इंजिन हवं तितकं तापत नाही. सगळं डिझेल जळत नाही आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली तेलात उतरतं. त्यात या नव्या गाड्यांना धुराच्या वाटेवर काजळी अडवायची जाळी असते. ती भरली की इंजिन आपणहून जास्तीचं डिझेल सोडतं आणि काजळी जाळून टाकतं, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळावी लागते. आमची गाडी खड्ड्यांतून रांगत जायची आणि गावात उभी राहायची. जाळणं दर वेळी अर्धवट राहायचं आणि ते डिझेलही खालीच जायचं. त्यात डिझेल फवारणारं एखादं इंजेक्टर गळकं झालं तर विचारूच नका. तेल पातळ झालं की लोखंडावर लोखंड घासतं, बेअरिंग जातात, टर्बो जातो. "रक्ताचं पानी झालं तर मानूस उभा राह्यते काय, रक्तवाले भाऊ?" मला कळेल अशा भाषेत त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. शेडच्या टिनाला एक भोक होतं. पावसाळ्यात त्यातून धार लागायची आणि ते खाली बादली ठेवायचे. बुजवत का नाही, असं मी एकदा सहज विचारलं. तर म्हणाले, तरुणपणी इथेच एक जीप आली होती. पट्टीला डिझेलचा वास आला होता, पण मालकाला घाई होती, म्हणून याकूबभाईंनी "जा" म्हटलं. दोन दिवसांनी तीच जीप याच शेडसमोर थांबली, तर इंजिन थांबेना. पातळ तेल इतकं चढलं होतं, की इंजिन तेच ओढून जाळायला लागलं. चाबी काढून घेतली तरी आवाज वाढतच गेला, पांढऱ्या धुराने रस्ता दिसेनासा झाला, चालक उडी टाकून पळाला. शेवटी इंजिन फुटलं. एक तुकडा याकूबभाईंच्या कानाजवळून गेला आणि टिनात भोक पाडून पार झाला. गाडी भरलेली असती, घाटात असती, तर काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी घाईतल्या माणसाचं कधी ऐकलं नव्हतं.

करोनात याकूबभाई आजारी पडले आणि त्यातून उठले. मी त्यांना भेटलो तेव्हा आमच्या ठरलेल्या प्रश्नांच्या यादीतला प्रश्न मीच विचारला होता, वास येतो ना? "येते ना," ते म्हणाले आणि फडका खांद्यावर टाकून उठले. मी यादीवर खूण केली.

त्यानंतर मात्र ते चमत्कारिक वागायला लागले. पट्टी नाकाशी पहिल्यापेक्षा जास्त वेळ धरायचे. गाडी कुठे गेली होती, किती वेळ उभी होती, डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला का, असे ढीगभर प्रश्न विचारायचे. आणि ऊठसूट "थांबा" म्हणायचे. आम्हाला लागोपाठ दोनदा थांबवलं, तेल बदललं, आणि निघालेलं तेल दोन्ही वेळा ठीकठाकच होतं. दुसऱ्या वेळी तर आमचं एका गावचं शिबिर बुडालं. डोंगरापलीकडून चालत आलेले लोक वाट बघून परत गेले, हे मॅडमनी मला आलापल्लीला गेल्या गेल्या ऐकवलं. म्हातारा आता घाबरट झाला, असं गिऱ्हाइकं बोलायला लागली. काही जण चंद्रपूरच्या मोठ्या वर्कशॉपकडे वळले. खरं सांगायचं तर मीही चिडलो होतो.

आता त्या सोमवारबद्दल. सकाळी चंद्रपुरात लालसूभाऊंनी पट्टी बघितली, तर तेल खुणेच्या दोन बोटं वर. म्हणजे सावलीला पुन्हा "थांबा". लालसूभाऊ गाडीखाली शिरले आणि खालचा नट सैल करून त्यांनी तेल बरोबर खुणेवर येईल इतकं काढून टाकलं. डबा मी धरला होता. मला हे बरोबर वाटत नव्हतं, मी तोंड फिरवून बसलो होतो, पण मनाची समजूत घातली, की पातळी लपवता येईल, वास कसा लपेल? डिझेल असेल तर याकूबभाईंच्या नाकाला कळेलच, आणि ते थांबवतीलच. खोटेपणा आपण करायचा आणि तो दुसऱ्याने पकडायचा, अशी ही सोय होती.

सावलीला याकूबभाईंनी पट्टी काढली आणि डोळे मिटले. मी म्हटलं, आज थांबवू नका, मागच्या वेळी माणसं चालत येऊन परत गेली. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग पातळी बघितली, ती तर अगदी खुणेवर. थेंब चोळला. एक थेंब कॅलेंडरच्या पानावर टाकला. नेहमीपेक्षा बराच वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "जा."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत तो झालाही. पुढे मात्र मी हिशेब मांडत बसलो. त्यांना वास आला नाही, म्हणजे डिझेल नाही. मग दोन बोटं वाढलं होतं ते काय होतं? लालसूभाऊ एरवी माडिया गाणी गुणगुणत गाडी चालवतात. त्या दिवशी गडचिरोली मागे पडली तरी त्यांच्या तोंडून सूर निघाला नाही. दोघांचेही कान इंजिनाकडे. मला दर मैलाला आवाज बदललेला वाटत होता, आणि लालसूभाऊंकडे बघावं तर तेही स्टिअरिंग घट्ट धरून बसलेले.

चामोर्शीला पोचतो न पोचतो तोच फोन आला. याकूबभाई. कुठे पोचलात, एवढंच विचारलं. मी सांगितलं. "गाडी बंद करा. आता चालू करू नोका. मी येऊन राह्यलो." आणि फोन ठेवला. मी उलट फोन केला तर उचलला नाही. लालसूभाऊंनी चहाच्या टपरीजवळ चिंचेखाली गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. मग आम्ही बसून राहिलो. चहा मागवला आणि तो तसाच निवला. मी तीनदा लालसूभाऊंना विचारलं, काय झालं असेल. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुमाले मालूम हाय काय झालं ते," आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

तासाभराहून अधिक वेळ गेला. मग गडचिरोलीच्या दिशेकडून मोटरसायकल आली. डोक्याला रुमाल, अंगावर तीच लुंगी, भुवयांपर्यंत धूळ. उतरताना त्यांनी मोटरसायकल चिंचेला टेकवली. मी धरायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"रक्तवाले भाऊ, मले वास येत नाई. बीमारीपासून येत नाई. सकाळी 'जा' म्हनलो ते अंदाजानं म्हनलो."

मग त्यांनी बनियनच्या आतून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं. सकाळचा थेंब आता चांगला पसरला होता. मधे काळा डाग, आणि त्याच्याभोवती फिकट, तेलकट, रुंद कडं. ते कडं डिझेलचं. कागदावर ते दिसायला वेळ लागतो. पूर्वी नाक आधीच सांगायचं, म्हणून कागदाची वाट बघायची त्यांना गरजच पडायची नाही. आम्ही निघून गेल्यावर त्यांच्या पत्नी, शमीमभाभी, चहा घेऊन शेडमध्ये आल्या होत्या. त्यांनी पान उचललं आणि म्हटलं, याला केवढा डिझेलचा वास येतोय. तेव्हा त्यांनाही कळलं, की नवऱ्याला तो येत नव्हता. आठवड्यापूर्वी चुलीवरची डाळ करपली तरी हे शेजारी बसून बिडी ओढत होते, याचा उलगडा त्यांना त्या क्षणी झाला.

याकूबभाईंनी पट्टी काढून माझ्या हातात दिली. "आता तुमी घ्या वास." मी घेतला. पेट्रोल पंपावर उभं राहिल्यावर येतो तसा उग्र दर्प नाकात शिरला. त्याला नाक कसलं लागतं, कुणालाही आला असता. इतकी वर्षं मी ती पट्टी बघत होतो आणि एकदाही नाकाशी नेली नव्हती.

लालसूभाऊ खाली मान घालून म्हणाले, की सकाळी मीच तेल काढलं. मी म्हटलं, डबा मी धरला होता. मला वाटलं होतं ते भडकतील. ते चिंचेच्या मुळावर बसले. "मी नाक लपवलं, तुमी तेल लपवलं," ते म्हणाले, "आन् गाडीत बसनार होते दुसरेच." मग त्यांनी पाणी मागितलं.

गाडी टोचन करून सावलीला आणली. एक इंजेक्टर गळत होतं आणि बेअरिंगवर चरे पडायला लागले होते. आलापल्लीच्या पुढे किती चालली असती, असं मी विचारलं. माहीत नाही, ते म्हणाले. काहीतरी आकडा सांगून त्यांनी मला घाबरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या उत्तराची भीती मला अजून वाटते. त्या आठवड्याचं शिबिर बुडालं आणि मॅडमची बोलणी मी दुसऱ्यांदा खाल्ली, पण या वेळी चिडलो नाही.

त्यानंतर याकूबभाई येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायचे, माझं नाक गेलंय, वास तुम्ही घ्या. काहींना हे विनोदी वाटलं, काहींना भरवसा उरला नाही आणि ते गेले. जे राहिले त्यांनी स्वतःच्या गाडीचं तेल हुंगायला शिकून घेतलं. शंका आली तर याकूबभाई घराकडे हाक मारत. शमीमभाभी पिठाचे हात पदराला पुसत येत, पट्टी हुंगत, आणि नवऱ्याकडे न बघता सांगत, "हाय" किंवा "नाई". मग "जा" म्हणायचं काम मात्र याकूबभाईंचं. लालसूभाऊंनीही आपला नेम बदलला. आता ते गावात इंजिन बंद करतात, बंद करण्याआधी हात जोडतात, आणि परतीच्या चांगल्या रस्त्यावर जाळी जळेपर्यंत गाडी एका वेगात पळवतात. मी मधे लघवीला थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत.

याकूबभाई मागच्या हिवाळ्यात गेले. छातीत दुखलं म्हणाले आणि शेडमधल्या बाकावर आडवे झाले, ते उठले नाहीत. मी गेलो तेव्हा टिनाच्या भोकातून ऊन खाली पडत होतं. भाभी म्हणाल्या, ते भोक बुजवायचं का, असं तुम्हीच सांगा. मी म्हटलं, राहू द्या. रडू मला तिथे आलं नाही, गाडीत बसल्यावर आलं.

हे सगळं मी आज लिहायला घेतलं त्याला कारण आहे. वर्षभरापासून मला भिंगाखाली नीट दिसत नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि डावा डोळाही आता दगा देतोय. हे मी कुणाला सांगितलं नाही. दिवा वाढवायचा, रक्ताची काच दोनदा बघायची, ताप कधीपासून, थंडी वाजते का, असे ढीगभर प्रश्न विचारायचे आणि मग लिहायचं. हे प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हतो. हे कुणाचं वागणं आहे, ते मला गेल्या आठवड्यापर्यंत सुचलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आतल्या एका गावात सहा वर्षांची एक मुलगी आणली. तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन आला होता. किटमधली तपासणी स्वच्छ आली होती, पण ताप जात नव्हता, म्हणून मॅडमनी काच मागितली. मी काच केली, बघितली. काही दिसलं नाही. पुन्हा बघितली. जांभळट धूसर सगळं, आणि मधे एखादा ठिपका, की रंगाचाच कण, कळेना. बाहेर लोक ताटकळत होते. मी पेन उचललं. 'नाही' लिहायला दोन अक्षरं लागतात. आणि एकदम मला सावलीच्या शेडमध्ये गप्प उभे असलेले, "जा" म्हणण्याआधीचे याकूबभाई दिसले. त्यांना काय वाटत होतं, ते मला पहिल्यांदा कळलं.

मी पेन ठेवलं. ते म्हातारपणी मोटरसायकलवर सावलीहून चामोर्शीला आले होते. मला टेबलापासून मॅडमच्या खुर्चीपर्यंत पाच पावलं चालायचं होतं, आणि तेवढंही मला जड गेलं.

"मॅडम, मला नीट दिसत नाही," मी म्हटलं. "वर्षभरापासून दिसत नाही. ही काच तुम्ही बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंगाशी जाऊन बसल्या. बराच वेळ काच सरकवत राहिल्या. मी बापाकडे बघायचं टाळत दारात उभा होतो. मग त्या म्हणाल्या, "आहे." मुलीला लगेच गोळ्या सुरू झाल्या. माझ्या वर्षभराच्या सगळ्या काचा मॅडमनी काढायला सांगितल्या आहेत. त्या आम्ही दोघं मिळून पुन्हा तपासतो आहोत, मॅडम बघतात आणि मी नावं वाचतो.